माजी सैनिक, अणुऊर्जा आणि कॉलेजची फी: एका प्रतिक्रियेला उत्तर

सुभेदारसाहेब, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रागात लिहिलेली आहे, पण तिच्यात मुद्दे आहेत. म्हणून खाली दोन ओळी न टाकता स्वतंत्र उत्तर देतोय.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. फौजेतून बाहेर पडणाऱ्यांनी 'न्यूक्लियर टेक्निशियन' अशी पाटी लावलेल्या खासगी डिप्लोमासाठी पैसे भरू नयेत, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. साहेबांचं म्हणणं असं की अमेरिकेत नौदलातून आलेल्या माणसाला सरकार हेच शिक्षण स्वतःच्या खर्चाने देतं आणि मी मात्र ऐरोलीत बसून जवानांचं खच्चीकरण करतोय. त्यांचा भाचा पंधरा वर्षं नौदलात काढून चौतिसाव्या वर्षी सुटतोय. सरकारी भरतीची वयोमर्यादा चोविशीच्या आसपास, मग कॉलेजशिवाय त्याने जायचं कुठे? शिवाय देश 100 गिगावॅट अणुविजेकडे निघालाय, नोकऱ्या येणारच. आणि इंडस्ट्रियल रेडिओग्राफी, म्हणजे किरणोत्सार वापरून वेल्ड तपासण्याचं काम, हा त्यांच्या मते टाकाऊ पर्याय.

अमेरिकेचं आधी बोलू. तिथलं चित्र तुम्ही लिहिलंय तसंच आहे. पण तिथे अणुपाणबुडीवर काम केलेला नौसैनिक कॉलेजात येतो तेव्हा अणुभट्टी त्याला नवी नसते. साउथ कॅरोलायनातल्या नौदलाच्या न्यूक्लियर पॉवर स्कूलमध्ये शिकून, पुढे प्रत्यक्ष भट्टीवर हात बसवून तो आलेला असतो. कॉलेजची दोन वर्षं म्हणजे त्याच्या कामावर नागरी शिक्का. फी जीआय बिलातून, म्हणजे माजी सैनिकांच्या शिक्षणासाठीच्या सरकारी योजनेतून जाते. आणि बाहेर नव्वदहून जास्त अणुभट्ट्या चालवणाऱ्या वेगवेगळ्या वीज कंपन्या असतात. एकीने नाही घेतलं तर दुसरी आहे.

आपल्याकडे उलटं आहे. वीज देणाऱ्या अणुभट्ट्या आजवर मुख्यतः एनपीसीआयएल ही सरकारी कंपनीच चालवत आली आहे आणि बऱ्याच संशोधन भट्ट्या ट्रॉम्बेला बीएआरसीकडे (भाभा अणुसंशोधन केंद्र) आहेत. दोन्ही ठिकाणी आधी निवड होते, मग स्टायपेंडरी ट्रेनी म्हणून विद्यावेतन देऊन शिकवलं जातं. जाहिरात उघडून बघा. तिथे मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंटेशन, केमिकलचा साधा डिप्लोमा मागतात, नाहीतर फिटर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्टची आयटीआय, किंवा बारावी विज्ञान. जे शिकायला तुम्ही लाख-दीड लाख मोजणार, ते निवड झाल्यावर पगारासारखे पैसे देऊन शिकवतात. मग त्या कॉलेजचं प्रमाणपत्र नेमकं कोणापुढे ठेवायचं? हा प्रश्न मी लेखात विचारला होता. तुमच्या प्रतिक्रियेत त्याचं उत्तर सापडलं नाही.

वयाचा मुद्दा तर तुमच्या भाच्याच्या बाजूने आहे. केंद्राच्या गट क पदांसाठी माजी सैनिकाच्या वयातून लष्करी सेवेचा काळ वजा करतात आणि उरलेलं वय मर्यादेच्या वर तीन वर्षांपर्यंत चालतं. 34 मधून 15 गेले, राहिले 19. साहेब, कागदावर तुमचा भाचा कॉलेजकुमार आहे! फक्त ज्या जाहिरातीला अर्ज करायचा तिच्यात माजी सैनिकांची सवलत कशी लिहिली आहे ते शब्दन् शब्द वाचा, कारण शेवटी चालतं ते जाहिरातीचंच.

त्याची अडचण वयात नाही, गुणपत्रिकेत निघेल. बीएआरसीच्या ट्रेनीच्या जाहिरातींत 60 टक्क्यांची अट असते, आणि सतराव्या-अठराव्या वर्षी भरती झालेल्या बऱ्याच मुलांची बारावी तिथे अडते. दुसरी गोष्ट, पंधरा वर्षांच्या सेवेनंतर दहावी झालेल्याला पदवीधरासारखं धरतात ती सवलत. ती राखीव पदांसाठी आहे आणि जिथे तांत्रिक अनुभव आवश्यक नाही अशा पदांपुरती. तिच्या जोरावर कुणी बीएस्सीची जागा मिळवायला निघाला तर हात हलवत परत येईल. नोकरीत असताना दूरशिक्षणाने बीए केलेलेही इथे फसतात. पदवी खरी असते, पण तिच्यात फिजिक्स नसतं.

आता तुम्ही ज्याला 'टाकाऊ पर्याय' म्हणालात त्या इंडस्ट्रियल रेडिओग्राफीबद्दल, कारण इथे मला तुमच्याशी भांडायचंच आहे. रबाळे, महापे, तळोजा या पट्ट्यात प्रेशर व्हेसल आणि पाइपिंगची कामं होतात. त्यांचे वेल्ड तपासायला इरिडियम-192 चा सोर्स (किरणोत्सारी तुकडा) असलेला कॅमेरा लागतो. या सोर्सची ताकद 74 दिवसांत निम्मी होते, म्हणून तो सारखा बदलावा लागतो, आणि देशात तो पुरवणारी ब्रिट ही सरकारी संस्था आपल्या वाशीतच आहे. काम बहुधा रात्री चालतं, वर्कशॉप रिकामं झाल्यावर. दोरी बांधून हद्द आखायची, माणसं बाहेर आहेत याची खात्री करायची, क्रँक फिरवून सोर्स बाहेर काढायचा, वेळ मोजायची, परत आत घ्यायचा. आणि तो खरोखर आत गेला का, हे किरणोत्सार मोजणारं सर्व्हे मीटर हातात धरून बघायचं. दर वेळी. पन्नासाव्या शॉटला कंटाळा आला म्हणून ही शेवटची पायरी गाळणारा माणूस या धंद्यातला सगळ्यात धोकादायक माणूस. पंधरा वर्षं जहाजावर वॉच (पहाऱ्याची पाळी) केलेल्याला हे शिकवावं लागत नाही.

काही ठेकेदार मीटर गाडीतच ठेवून काम उरकतात, हेही खरं. म्हणून नोकरी धरताना पहिल्याच दिवशी टीएलडी बॅज (अंगावर किती किरणोत्सार पडला ते नोंदवणारा बिल्ला) स्वतःच्या नावाचा मिळतो का आणि रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर कोण, हे विचारावं. किरणोत्सारात काम करणाऱ्यासाठी एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळ) मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात 30. बॅज नसेल तर ही मर्यादा नुसती कागदावर.

या कामासाठी लागणारं आरटी-1, म्हणजे रेडिओग्राफीचं पहिल्या पातळीचं प्रशिक्षण आठवड्यांचं आहे, वर्षांचं नाही, आणि एईआरबी ते मानते. त्या खासगी डिप्लोमाबद्दल मला एवढं एकच वाक्य लिहून दाखवा, मी लेख मागे घेतो.

खारघरच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर केंद्रासारख्या ठिकाणचं न्यूक्लियर मेडिसिन, म्हणजे किरणोत्सारी औषधांनी तपासणी आणि उपचार, हा वेगळा रस्ता. त्याला बहुधा आधी विज्ञानाची पदवी हवी, मग न्यूक्लियर मेडिसिनचा मान्यताप्राप्त कोर्स. बारावीवरून निघाला तर चार-पाच वर्षं. पेन्शन चालू असेल आणि घरचे थांबायला तयार असतील तर माझा विरोध नाही.

राहिले 100 गिगावॅट. 2025 च्या अर्थसंकल्पातलं हे लक्ष्य 2047 चं आहे. आज चौतिशीत असलेला भाचा तेव्हा निवृत्तीला टेकलेला असेल. मधल्या काळात जागा निघतील, खासगी कंपन्याही येतील. त्यांनाही वेल्डर, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, रेडिओग्राफरच लागणार, आणि ही कौशल्यं उद्या अणुप्रकल्प नाही आला तरी रिफायनरीत चालतात.

भाच्याची नौदलातली ब्रँच कोणती, दहावी-बारावीचे टक्के किती आणि सुटायला अजून किती महिने आहेत, एवढं कळवा. सेवेत असेल तर डीजीआरचे (संरक्षण खात्याचं पुनर्वसन महासंचालनालय) रिसेटलमेंट कोर्स निवृत्तीआधीच पदरात पाडून घेता येतात. आणि त्या कॉलेजने 'सीट बुक करा' म्हणून फोन केला, तर एईआरबीच्या मान्यतेचं पत्र व्हॉट्सॲपवर मागा.