१२५ पट झूम, पण कशाच्या पट?

लांब झूमच्या कॅमेऱ्यांबद्दल एक मजकूर सतत पुढे ढकलला जातो. सोबत बहुधा अंगणातून थेट चंद्रावर जाऊन पोचणारा व्हिडिओ असतो. मजकूर थोडक्यात असा: 'झूम जितका जास्त तितका कॅमेरा चांगला. ८३ पट म्हणजे वस्तू ८३ पट जवळ. मेगापिक्सेल मोठ्या कॅमेऱ्याएवढेच. चंद्रावरचे खड्डे दिसतात, मग घरचे फोटो काय चीज आहे! ट्रायपॉडची गरज नाही. रोजच्या वापराला हा एकच घ्या आणि लेन्सांची बॅग विकून टाका.' खड्डे दिसतात, एवढं खरं आहे. बाकीचं एकेक करून तपासू.

'८३ पट म्हणजे ८३ पट जवळ'

लेन्सची लांबी (फोकल लेंग्थ) मिमीत सांगतात, मिमी जास्त तितकं दृश्य जवळ. तिच्या लांब टोकाला आखूड टोकानं भागलं की 'पट' येतात, बस्स. निकॉन पी९०० (२०१५) ची लेन्स ३५ मिमी फिल्मच्या हिशेबात २४ ते २००० मिमी आहे, म्हणून ८३ पट. पी१००० (२०१८) २४ ते ३०००, म्हणून १२५. पण २४ मिमीला समोरचं दृश्य नुसत्या डोळ्यांना दिसतं त्याहून लांब गेलेलं दिसतं. डोळ्यांच्या जवळपासची म्हणून साधारण ५० मिमी धरतात. त्या मापानं २००० म्हणजे ४० पट आणि ३००० म्हणजे ६० पट. हेही थोडंथोडकं नाही, हातात धरायच्या दुर्बिणी ८ किंवा १० पटीच्या असतात. मात्र दोन कॅमेरे शेजारी ठेवून बघताना पट मोजू नका, मिमी वाचा. २० पासून सुरू होणारा ६० पट झूम १२०० ला संपतो, २४ पासून सुरू होणारा १४४० ला. खोक्यावर दोन्हीकडे ६०च.

डिजिटल झूमचे पट यात धरायचेच नाहीत. तो फोटो कापून ताणलेला असतो. मेनूत जाऊन पहिल्याच दिवशी बंद करा.

'झूम जास्त तितका चांगला, आणि मेगापिक्सेल तर तेवढेच'

गफलत आहे ती इथे. ३००० मिमीची लेन्स दीड किलोच्या आत बसते, कारण सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) करंगळीच्या नखाहून लहान ठेवलेला असतो: साधारण ६.२ × ४.६ मिमी, म्हणजे २८ चौरस मिमी. फुल फ्रेमचा, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढा, सेन्सर ८६४ चौरस मिमी असतो, म्हणजे सुमारे तीस पट. पी१०००च्या लेन्सची खरी लांबी ४.३ ते ५३९ मिमीच आहे. छोटा सेन्सर त्यातला मधला तुकडा उचलतो, म्हणून ती ३००० सारखी वागते.

दुसरी अडचण अ‍ॅपर्चरची. म्हणजे लेन्समधून उजेड आत येतो त्या भोकाची. 'एफ'पुढचा आकडा मोठा तितका उजेड कमी. याच लेन्सचं अ‍ॅपर्चर २४ ला एफ/२.८ असतं आणि ३००० ला एफ/८. म्हणजे लांब टोकाला उजेड आठपट कमी. २४ ला १/६० सेकंदाचा शटर आणि आयएसओ (उजेड किती वाढवून दाखवायचा तो आकडा, वाढला की फोटोत दाणे येतात) ८०० वर जो उजेड पुरतो, त्याच उजेडात लांब टोकाला शटर तोच ठेवला तरी आयएसओ ६४०० लागतं. एवढ्याशा सेन्सरवर ६४०० म्हणजे केस, विणकाम, पिसं यांची खीर होते. कॅमेरा दाणे घालवायला जातो आणि त्यांच्यासोबत तपशीलही पुसून टाकतो.

तिसरी गोष्ट कोणत्याही कंपनीच्या हातात नाही. अ‍ॅपर्चरमधून जाताना प्रकाश पसरतो आणि प्रत्येक बिंदूची सेन्सरवर एक बारीक चकती होते. एफ/८ ला हिरव्या प्रकाशाची ही चकती सुमारे १०.७ मायक्रॉन रुंद असते. १६ मेगापिक्सेलच्या या सेन्सरवर एक पिक्सेल १.३४ मायक्रॉनचा. म्हणजे एक बिंदू आठ पिक्सेल रुंदीत सांडतो. लेन्स निर्दोष आणि हवा स्तब्ध धरली, तरी या टोकाला सहाएक मेगापिक्सेलहून जास्त तपशील सेन्सरपर्यंत पोचू शकत नाही. प्रत्यक्षात आणखी कमी. फाइल १६ ची बनते, पण त्यात भरलेला माल तेवढा नसतो. 'मेगापिक्सेल तेवढेच' हे फाइलच्या आकारापुरतं खरं.

म्हणून कॅमेरा पारखताना दोनच आकडे आधी विचारा: सेन्सर केवढा, आणि लांब टोकाला अ‍ॅपर्चर किती. सोनी आरएक्स१० मार्क ४ (२०१७) चा झूम २५ पटच आहे, २४ ते ६००. पण सेन्सर '१ इंची', क्षेत्रफळ ११६ चौरस मिमी, आणि ६०० ला एफ/४. झूमच्या शर्यतीत तो शेवटून पहिला येईल. ढगाळ संध्याकाळी मात्र उलटं होतं.

'चंद्रावरचे खड्डे दिसतात, मग बाकीचं सोपंच'

चंद्र हा लांब झूमसाठी सगळ्यात सोपा विषय आहे. तो उन्हात उभा असतो: एफ/८, आयएसओ १०० आणि १/२०० ला छान उतरतो. डोक्यावर आलेला असला तर मधली हवाही कमी, आणि पंख फडफडवत नाही. ३००० ला तो फ्रेमच्या उंचीत पुरता मावतही नाही, त्यामुळे व्हिडिओ भारी वाटतो. (जाता जाता: खड्डे हवे असतील तर पौर्णिमा टाळा. सावल्या नसल्यानं सगळं सपाट दिसतं. अष्टमीच्या आसपासचा चंद्र घ्या.)

आता झाडाच्या सावलीतला चुळबुळ्या पक्षी घ्या. मान हलते तेव्हा १/१००० लागतो, आणि एफ/८ वर आयएसओ पुन्हा ६४०० च्या घरात जातं. पक्षी शांत बसला आणि १/२५० वर भागलं, तर १६०० पुरतं. दोन्ही फोटो एकाच कॅमेऱ्याचे, पण पहिला टाकून द्यावा लागतो.

आणि दूरचं म्हणाल तर मध्ये हवा आहे. तापलेल्या जमिनीवरून दुपारी एक-दोन किलोमीटरवरचं काही टिपलं, तर कडा पाण्याखालच्यासारख्या थरथरतात. हा फोकसचा दोष नव्हे, त्यामुळे दुरुस्तीला नेऊन उपयोग नाही. ऊन चढायच्या आत जा, किंवा जवळ जा.

'ट्रायपॉड लागत नाही'

स्टॅबिलायझर हाताची थरथर झेलतो, समोरच्याची हालचाल नाही. पी९०० आणि पी१००० ला पाच स्टॉपचा (दर स्टॉपला शटर दुप्पट वेळ उघडा ठेवता येतो) दावा आहे, म्हणजे हातात धरून ३००० ला लागणाऱ्या १/३००० ऐवजी साधारण १/१०० चालावा. स्थिर वस्तूवर, श्वास रोखून, चार-पाचातला एखादा बरा येतो. खरी कटकट फ्रेममध्ये वस्तू सापडण्याची. ३००० ला कर्णातून एक अंशसुद्धा दिसत नाही. पक्षी निसटला की लेन्सच्या बाजूचं झूम मागे घेणारं बटण दाबून धरा, दृश्य रुंद होईल, पक्षी मधोमध आणा, बटण सोडा. हे बटण नसलेला लांब झूम घेऊच नये.

ट्रायपॉडवर ठेवल्यावर स्टॅबिलायझर बंद करा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. हेड (ट्रायपॉडचा कॅमेरा धरणारा भाग) घट्ट केल्यावर कॅमेरा किंचित खाली बसतो. ३००० ला तेवढ्यानंही चंद्र हुकतो, म्हणून आधीच थोडं वर धरून मग आवळायचं.

'रोजच्याला हा एकच पुरे'

रोजचे फोटो बहुतेक २४ ते २०० मध्येच निघतात: घरातली माणसं, ताट, रस्ता, समारंभ. घरात, रात्री, २४ च्या टोकाला चांगल्या फोनचा मुख्य कॅमेरा याला मागे टाकतो, कारण अशा फोनांतला १/१.३ इंची सेन्सर या कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या अडीचपट असतो आणि लेन्सही जास्त उजेड घेते. रुंद टोकाला मागचं धूसरही होत नाही: ४.३ मिमीला एफ/२.८ म्हणजे दीड मिमीचं भोक.

धावत्या मुलांसाठीही जपून. पी९०० आणि पी१००० सेकंदाला सात फोटो घेतात खरे, पण सातच, आणि मग फाइली लिहून होईपर्यंत थांबावं लागतं. पी९०० रॉ फाइल (नंतर हवी तशी सुधारता येणारी मूळ फाइल) देत नाही. पूर्ण झूमवर तो पाच मीटरच्या अलीकडचं फोकस करत नाही, पी१००० सात मीटरच्या. समोरच्या कुंपणावरचं फुलपाखरू टिपायचं, तर आधी झूम कमी करावा लागतो.

उन्हातले बसलेले पक्षी, लांबच्या शिखरावरची देवळी, मैदानावरचा खेळ आणि अर्थात चंद्र यांसाठी एवढ्या वजनात दुसरं काही एवढं लांब पोचत नाही. रोजच्या घरगुती फोटोंसाठी बॅग विकणारा मात्र फसतो.

घेण्याआधी एक परीक्षा करा. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, आयएसओ १०० वर बांधा आणि उन्हातली पंचवीसएक मीटरवरची बारीक अक्षरांची पाटी निवडा. १५०० आणि ३००० ला, दर वेळी नव्यानं फोकस करून, पाच-पाच फोटो काढा. दोन्हीकडचा सर्वांत स्वच्छ फोटो घ्या, १५०० चा कापून ३००० एवढा मोठा करा आणि शेजारी ठेवून अक्षरं वाचा. मग हेच ढगाळ संध्याकाळी, हातात धरून आणि आयएसओ ऑटोवर ठेवून पुन्हा करा. दुसऱ्या फेरीत कापलेल्या फोटोतली अक्षरं तेवढीच वाचता आली, तर १५०० ला थांबणारा, पण मोठ्या सेन्सरचा किंवा जास्त उजेड घेणारा कॅमेरा शोधा.