गिळलेला मध स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही

बसलेल्या आवाजावरचा एक निरोप या फोनवरून त्या फोनवर फिरत असतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मजकूर तोच: "आवाज बसला की बोलणं टाळा, अगदीच लागलं तर कुजबुजा. मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करा, मध-आलं घ्या, त्याने स्वरतंतू धुऊन निघतात. तीन दिवसांत उतार पडला नाही तर अँटिबायोटिक. तरीही घसा खरखरत असेल तर ती ॲसिडिटी, दोन-तीन महिने गोळ्या घ्या. दुखत नसेल तर दुर्बिणीच्या फंदात पडू नका. गाठी निघाल्या तर ऑपरेशन अटळ, आणि ऑपरेशननंतर आवाज पूर्वीसारखा राहत नाही."

यातली एक-दोन वाक्यं अर्धी बरोबर आहेत, म्हणूनच निरोप पटतो. पण मुळात घोटाळा असा, की घशातून दोन रस्ते फुटतात, एक अन्नाचा आणि एक हवेचा, आणि लिहिणाऱ्याने दोन्ही एकच धरलेत.

"गुळण्यांनी, मधाने स्वरतंतू धुऊन निघतात"

कंठमण्यावर दोन बोटं ठेवा आणि आवंढा गिळा. कंठमणी वर सरकून परत खाली येईल. आता गिळता गिळताच 'आ' म्हणून बघा. जमणार नाही. गिळण्याच्या क्षणी स्वरतंतू घट्ट मिटतात, त्यांच्यावरच्या जाड घड्याही मिटतात आणि जिभेच्या मुळाशी असलेलं पानासारखं झाकण वरून दुमडतं. खाल्लेलं-प्यायलेलं सगळं मागच्या बाजूने अन्ननलिकेत जातं. मधाचा थेंब चुकून स्वरतंतूंवर पडलाच, तर ती बातमी ठसक्याने ताबडतोब कळते.

गुळण्यांचं पाणी तर त्याहून वर राहतं. मान मागे टाकून आपण 'गऽऽऽ' करतो तेव्हा खालून येणारी हवाच पाण्याला वर अडवून धरते. पाणी टॉन्सिल्सच्या आसपास खेळतं आणि बाहेर येतं. तिथे सूज असेल तर बरं वाटतं, आणि ते बरं वाटणं खरं असतं. मधाने खोकल्याची उबळ कमी होते, खोकला कमी झाला की स्वरतंतूंची एकमेकांवर होणारी आपटाआपट कमी होते. म्हणजे फायदा आहे, पण आडवाटेने. (एक वर्षाखालच्या बाळाला मध मुळीच नको, बोट्युलिझम या जिवाणूजन्य विषबाधेचा धोका असतो.)

गुळण्यांना खरं महत्त्व आहे ते निरोपात नसलेल्या एका ठिकाणी. दम्यासाठी स्टेरॉइडचा इनहेलर घेणाऱ्यांचा आवाज घोगरा होऊ शकतो, घशात बुरशीचा पांढरा थर येऊ शकतो. प्रत्येक वेळी पफ घेतल्यावर चूळ भरायची, गुळणी करायची आणि पाणी थुंकून टाकायचं, गिळायचं नाही. फवाऱ्याचा इनहेलर असेल तर स्पेसर (इनहेलरला जोडायची पोकळ नळी) लावायचा, म्हणजे औषध घशात कमी साठतं. एवढं करूनही आवाज बसत असेल तर डॉक्टरांना सांगायचं. इनहेलर आपल्या मनाने बंद करायचा नाही.

स्वरतंतूंपर्यंत थेट पोचते ती फक्त श्वासातून आत जाणारी गोष्ट. वाफ पोचते, तसाच धूरही पोचतो. वाफेने कोरडेपणा तात्पुरता कमी होतो. मात्र उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाकून वाफारा घेणं नको, भांडं कलंडून भाजण्याचे प्रकार होतात, विशेषतः मुलांच्या बाबतीत. गरम पाण्याचा शॉवर सोडून बंद न्हाणीघरात दहा मिनिटं बसलं तरी तेच काम होतं. प्यायलेलं पाणी स्वरतंतूंना मिळतं ते रक्तावाटे, तेही सावकाश. संध्याकाळी बोलायचं असेल तर सकाळपासून थोडंथोडं पाणी प्यावं लागतं. ऐन वेळी रिचवलेली बाटली तोंड तेवढं ओलं करते.

"लागलंच तर कुजबुजा"

हा सल्ला प्रेमाने दिला जातो आणि बहुतेकांना तो महागात पडतो. साधं बोलताना स्वरतंतू हलकेच जवळ येतात आणि फुप्फुसातून येणाऱ्या हवेवर थरथरतात: पुरुषांत सेकंदाला साधारण १०० ते १२५ वेळा, स्त्रियांत २०० च्या आसपास. कुजबुजताना ही थरथर थांबते, मागच्या बाजूला फट राहते आणि त्या फटीतून हवा दामटून बाहेर काढावी लागते. समोरच्याला ऐकू जावं म्हणून जोर लावला की वरच्या घड्या आवळल्या जातात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०० रुग्णांचं स्वरयंत्र कुजबुजताना दुर्बिणीतून पाहिलं. ६९ जणांत आवळणं वाढलं, १८ जणांत फरक पडला नाही आणि १३ जणांत ते उलट कमी झालं. तेव्हा कुजबुज प्रत्येकाला घातक म्हणणंही चूक. पण आपण त्या तेरांत आहोत की नाही हे आरशात दिसत नाही.

त्यापेक्षा हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलावं तसं, नेहमीच्या पट्टीत, हळू आणि थोडक्यात बोला. पंखा, टीव्ही, नळ चालू असेल तर आधी तो बंद करा. गोंगाटात आपला आवाज आपोआप चढतो आणि चढल्याचं आपल्याला कळतही नाही. एत्येन लाँबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये हे दाखवलं होतं. दुसऱ्या खोलीतून हाक मारू नका, उठून जा. वर्गात किंवा सभेत बोलणं पोटापाण्याचं असेल तर कमरेला लावायचा छोटा ध्वनिवर्धक घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

पूर्ण मौन कधी? ओरडताना किंवा गाताना आवाज एका क्षणात गेला, तर स्वरतंतूतली रक्तवाहिनी फुटलेली असू शकते. तेव्हा एक शब्दही नको आणि लगेच तपासणी हवी. दुसरी वेळ स्वरतंतूंवरच्या शस्त्रक्रियेनंतरची. एरवी दिवसेंदिवस मौन पाळल्याने फारसं साधत नाही. ज्या सवयीने आवाज बसला, ती मौन सुटताच परत येते.

"तीन दिवसांनी अँटिबायोटिक"

सर्दीबरोबर अचानक बसलेला आवाज जवळपास नेहमी विषाणूंमुळे बसलेला असतो आणि साधारण एक-दोन आठवड्यांत सुटतो. विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. कोर्स संपेस्तोवर आवाज तसाही सुटणारच असतो, श्रेय गोळीला जातं.

"मग ती ॲसिडिटीच"

आम्ल वर येऊन घशाला त्रास देऊ शकतं, हे खरं. पण घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटणं, सारखं खाकरणं, घोगरेपणा, एवढ्यावरून ॲसिडिटी ठरवणं हा अंदाज झाला. ब्रिटनमधल्या एका चाचणीत घशाच्या अशाच चिवट तक्रारी असलेल्या ३४६ जणांपैकी निम्म्यांना १६ आठवडे लॅन्सोप्राझोल हे आम्ल कमी करणारं औषध आणि निम्म्यांना औषध नसलेली गोळी दिली. २०२१ मध्ये निकाल आला: दोन्ही गटांना सारखंच बरं वाटलं. छातीत जळजळ, आंबट पाणी तोंडात येणं अशी लक्षणं सोबत असतील तर गोष्ट वेगळी. नुसत्या घोगरेपणावर महिनोन्महिने गोळ्या चालवण्याने एकच होतं, खरं कारण शोधायला उशीर.

अडकल्याची भावना जेवणाच्या मधल्या वेळात असते आणि घास गिळताना नाहीशी होते, तेव्हा सहसा अडकलेलं काही नसतं. घास खरोखर अडत असेल, वजन घटत असेल, गिळताना कानापर्यंत कळ जात असेल, तर तपासणीला थांबू नये. आणि खाकरणं हा स्वतःच एक आजार होऊन बसतो. खाकरताना स्वरतंतू एकमेकांवर जोरात आपटतात, सुजतात, त्या सुजेवर चिकटा जमल्यासारखं वाटतं, की परत खाकरावंसं वाटतं. ही साखळी तोडायची तर खाकरण्याची ऊर्मी आली की पाण्याचा घोट घ्या. पाणी नसेल तर हनुवटी किंचित खाली करून नेटाने आवंढा गिळा. तेवढ्याने भागलं नाही तर आवाज न करता नुसती 'ह्' करून हवा सोडा आणि मग गिळा. पहिले चार-पाच दिवस जड जातात. मेंथॉलच्या गोळ्या चघळू नका. त्यांनी बधिरता येते, कोरडेपणा वाढतो आणि दुखऱ्या घशाने माणूस जास्तच बोलतो.

"दुखत नसेल तर दुर्बीण नको"

निरोपातलं सगळ्यात धोक्याचं वाक्य हे. स्वरतंतूवरचा कर्करोग सुरुवातीला दुखत नाही, तो आवाज बदलतो. तंतूची कड गुळगुळीत राहिली नाही की थरथर बिघडते, त्यामुळे अगदी लहान गाठही लवकर ऐकू येते. त्या भागात लसवाहिन्या (लिम्फ हा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) विरळ असल्याने ती गाठ पसरायलाही वेळ घेते. या टप्प्यावर किरणोपचाराने किंवा लेझरने बहुतेक रुग्ण बरे होतात. पुढचे महिने गोळ्यांत गेले तर हीच संधी हातची जाते.

दुखल्याशिवाय आवाज जाण्याचं दुसरं कारण म्हणजे मज्जातंतू. डाव्या स्वरतंतूची नस मानेतून छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि परत वर येते. म्हणून छातीतली गाठही कधीकधी पहिल्यांदा 'आवाजातून हवा निसटते' या तक्रारीने समोर येते. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर असा आवाज आला तरी आधी नसेचाच संशय घ्यायचा.

किती थांबायचं? अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २००९ मध्ये तीन महिन्यांपर्यंतची मुभा दिली होती, २०१८ मध्ये ती चार आठवड्यांवर आणली. धूम्रपान, मानेत गाठ, थुंकीत रक्त, नुकतंच मानेचं किंवा छातीचं ऑपरेशन किंवा श्वासनलिकेत नळी घातलेली असणं, किंवा आवाजावरच पोट, यांतलं काही असेल तर चार आठवडेही नाहीत. श्वास घेताना घर्रघर्र आवाज येत असेल, लाळही गिळता येत नसेल, तर थेट इस्पितळ गाठायचं.

दुर्बिणीची भीती तपासणीपेक्षा मोठी असते. एका प्रकारात जीभ कापडात हलकी धरून आखूड, कडक नळी तोंडात ठेवतात आणि 'ईऽऽ' म्हणायला सांगतात. दुसऱ्यात साधारण तीन-चार मिलिमीटर जाडीची लवचीक नळी नाकातून सोडतात. नाकात बधिरतेचा फवारा मारतात, नळी सरकताना दाब जाणवतो, डोळ्यांत पाणी येतं. सगळं काही मिनिटांत आटोपतं. घसा बधिर केला असेल तर बधिरता उतरेपर्यंत, साधारण तासभर, काही खायचं-प्यायचं नाही, नाहीतर घोट चुकीच्या रस्त्याने जाईल. तंतूंची थरथर डोळ्याला दिसण्यापलीकडची असते, म्हणून स्ट्रोबोस्कोपीत दिवा त्या थरथरीपेक्षा किंचित वेगळ्या लयीत लुकलुकवतात आणि ती सावकाश चालल्यासारखी भासते. तंतूचा एखादा तुकडा ताठ राहिला तर तो इथे पकडला जातो, साध्या उजेडात निसटतो. १८५४ मध्ये मान्वेल गार्सियाने दातांच्या डॉक्टरचा आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःचे स्वरतंतू पाहिले. तो डॉक्टर नव्हता, गाणं शिकवायचा.

"गाठी म्हणजे ऑपरेशन"

'गाठ' या एका शब्दात तीन-चार वेगळे आजार कोंबले जातात. दोन्ही तंतूंवर समोरासमोर, आपटण्याच्या जागी येणारे छोटे घट्टे म्हणजे नोड्यूल्स. त्यांचा पहिला उपचार व्हॉइस थेरपी, म्हणजे आवाज वापरण्याची सवय बदलणारे व्यायाम, ऑपरेशन नव्हे. सवय तशीच ठेवून घट्टे कापले तर ते परत येतात. पॉलिप, म्हणजे मऊ फुगवटा, बहुधा एकाच बाजूला असतो. लहान असेल तर कधीकधी थेरपीने ओसरतो, नाहीतर काढावा लागतो. तंतूच्या आतली सिस्ट, म्हणजे पिशवीसारखी गाठ, थेरपीने जात नाही. धूम्रपानाने दोन्ही तंतू पाण्याच्या पिशवीसारखे फुगतात, तिथे सिगारेट सुटल्याशिवाय शस्त्रक्रियेला अर्थ नाही. यातलं कुठलं आहे ते दुर्बीण सांगते.

थेरपीत साधारण दोनेक महिने दर आठवड्याला एक बैठक आणि घरी रोजचा सराव असतो. त्यातला एक व्यायाम बघा. बाटलीत अर्ध्यापर्यंत पाणी घ्या, साधारण पाच-सहा मिलिमीटर रुंदीचा स्ट्रॉ दोन-तीन सेंटिमीटर बुडवा, ओठ त्याभोवती मिटा आणि नेहमीच्या पट्टीत 'ऊऽऽ' म्हणत बुडबुडे काढा. पाण्यामुळे हवेचा थोडा दाब मागे येतो, तो तंतूंना किंचित विलग ठेवतो आणि कमी आपटाआपटीत थरथर चालू राहते. एका वेळी दोन-तीन मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. चुका ठरलेल्या असतात. स्ट्रॉ फार खोल गेला की जोर लावावा लागतो. गाल फुगतात, किंवा हवा नाकातून निसटते: नाक चिमटून पाहिलं आणि आवाज बदलला, तर निसटत होती. बुडबुडे येतात पण 'ऊ' नसतो, म्हणजे नुसतं फुंकणं चाललंय. मानेच्या शिरा ताठल्या तर थांबायचं. कंप ओठांत आणि गालांत जाणवला पाहिजे, गळ्यात नाही.

राहिलं ऑपरेशननंतरच्या आवाजाचं. सूक्ष्मदर्शकाखाली होणाऱ्या शस्त्रक्रियेत तंतूचं वरचं पातळ आवरण उचलून खालचा बिघाड काढतात, खोलवर जात नाहीत, कारण खोल जखमेचा वण ताठ होतो आणि आवाज तिथेच अडतो. हा धोका खरा आहे आणि सही करण्याआधी तो विचारून घ्यावा. पण ज्याचा आवाज वर्षभर फाटलेला आहे, त्याचा बहुधा सुधारतोच. नंतरचं मौन बहुतेक ठिकाणी तीन ते सात दिवसांचं असतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात तीन दिवस मौन पाळून लगेच थेरपी सुरू केलेल्यांचे तंतू, सात दिवस गप्प राहिलेल्यांपेक्षा चांगले भरून आले. या दिवसांत लिहून बोला. ओठ हलवून नुसतं पुटपुटायचंही नाही, कुजबुजायचं तर नाहीच, आणि खाकरावंसं वाटलं तर वर सांगितलेला पाण्याचा घोट.