ग्राफ्टचं हाड लेझरने ‘दुप्पट वेगाने’ भरतं?

गेल्या महिन्यात एक पेशंट बाई मोबाइल पुढे करून म्हणाल्या, “डॉक्टर, हे वाचा. मग मला सहा महिने कशाला थांबवताय?” मेसेज असा होता: जबड्यात हाडाचा ग्राफ्ट केल्यावर, म्हणजे कमी पडलेल्या हाडाच्या जागी भराव घातल्यावर, सौम्य लेझरच्या सिटिंग घेतल्या की हाड दुप्पट वेगाने भरतं, एक्स-रेमध्ये ते स्पष्ट दिसतं, दोन महिन्यांत इम्प्लांट (कृत्रिम दातासाठी हाडात बसवायचा स्क्रू) बसवता येतं. जितक्या जास्त सिटिंग तितका जास्त गुण, दुष्परिणाम शून्य, आणि अमेरिकेत याला मान्यता आहे.

हिरड्यांच्या शस्त्रक्रिया हे माझं रोजचं काम. हा लेझर मी स्वतः वापरते, म्हणून हा मेसेज मला जास्तच लागला.

‘दुप्पट वेग’ आला तो मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांमधून. कवटीला किंवा मांडीच्या हाडाला छोटं भोक पाडायचं, लाल किंवा अवरक्त प्रकाश द्यायचा आणि काही आठवड्यांनी ते हाड सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. अशा बऱ्याच प्रयोगांत लेझर दिलेल्या उंदरांमध्ये नवं हाड जास्त दिसलं, हे खरं आहे. पण उंदराची कवटी पुठ्ठ्याएवढी पातळ. माणसाच्या सायनसखाली (वरच्या दाढांच्या वर असलेल्या हवेच्या पोकळीखाली) भरलेला ग्राफ्ट हिरडी आणि हाडाच्या भिंतीआड असतो, आणि बराचसा प्रकाश वाटेतच शोषला किंवा विखुरला जातो. माणसांवरचे अभ्यास लहान आहेत. प्रकाशाची तरंगलांबी कुठे 660 नॅनोमीटर, कुठे 808, कुठे 830, मात्राही वेगवेगळी. काहींत थोडा फायदा दिसतो, काहींत फरकच नाही. त्यावरून सहा महिन्यांचे दोन करायची माझी तयारी नाही.

आता एक्स-रे. मेसेजमध्ये आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो होते, दुसऱ्यात ग्राफ्टची जागा पांढरीशुभ्र. खरी फसगत इथे आहे. आम्ही पुष्कळदा गाईच्या हाडापासून तयार केलेले खनिज दाणे भरतो. जाड्या रव्यासारखे दिसतात, सलाइनमध्ये भिजवून चमच्याने जागेवर दाबायचे. हे दाणे एक्स-रेमध्ये मुळातच पांढरे दिसतात. टाके घातल्यावर त्याच संध्याकाळी एक्स-रे काढा, जागा ‘भरलेली’ दिसेल! त्या वेळी आत पेशंटचं स्वतःचं नवं हाड कणभरही नसतं. आधी आजूबाजूच्या हाडातून रक्तवाहिन्या दाण्यांमधल्या फटींत शिरतात, मागून हाड घडवणाऱ्या पेशी येतात, कच्चं हाड तयार होतं आणि मग ते पक्कं होतं. गाईचे दाणे तर वर्षानुवर्षं तसेच राहू शकतात. पांढरेपणा बघून घाईने इम्प्लांट बसवलं आणि ते हललं, तर पेशंटला सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

जास्त सिटिंग, जास्त गुण? उलटही होऊ शकतं. या प्रकाशाची मात्रा फार कमी असेल तर परिणाम होत नाही, आणि ठरावीक मर्यादेपलीकडे गेली तर पेशींचं काम मंदावतं.

दुष्परिणामांचं म्हणाल तर 808 नॅनोमीटरचा किरण डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही आणि पडद्याला इजा होऊ शकते. डॉक्टर, असिस्टंट आणि पेशंट, तिघांनीही गॉगल लावायलाच हवा.

राहिली अमेरिकेतली मान्यता. अशी कितीतरी यंत्रं तिथे वेदनेला तात्पुरता आराम देण्यासाठी मंजूर आहेत. हाड दुप्पट वेगाने भरण्याचा त्यात संबंध नाही. आणि मंजुरी म्हणजे शेवटचा शब्दही नव्हे. फ्रॅक्चर लवकर जुळावं म्हणून सौम्य अल्ट्रासाउंडच्या यंत्राला तिथे 1994 मध्ये मंजुरी मिळाली होती. 2016 मध्ये नडगीचं हाड मोडलेल्या 501 पेशंटवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. खरं यंत्र आणि नकली यंत्र, दोन्ही गटांत हाड जुळण्यात फरक आढळला नाही.

लेझर टाकाऊ नाही. कॅन्सरच्या उपचारांत तोंड सोलवटतं, ते टाळण्यासाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये त्याची शिफारस आहे. शस्त्रक्रियेनंतरची ठणक कमी व्हावी म्हणून मीही तो देते.

त्या बाईंना मी त्यांचाच ऑपरेशनच्या दिवशीचा एक्स-रे स्क्रीनवर लावून दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग मी विचारलं, “मिश्री बंद केलीत ना?” तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, ग्राफ्टला रक्त कमी पोचतं, हे त्यांना आधीच सांगितलं होतं.

त्या हळूच म्हणाल्या, “सकाळी एकदाच लावते.”