खुलासा : शरणकुमार लिंबाळे यांना सरस्वती सन्मान ‘अक्करमाशी’साठी मिळालेला नाही

नाशिकच्या वाचकांच्या ग्रुपमधून एक मेसेज फिरतोय: ‘आपल्या मुक्त विद्यापीठाचे प्रा. शरणकुमार लिंबाळे यांना अक्करमाशी या आत्मकथनासाठी सरस्वती सन्मान मिळाला, हा मान मिळवणारे ते पहिले मराठी लेखक.’ मीही तो न तपासता पुढे पाठवला होता, म्हणून हे लिहितेय.

सन्मान खरा आहे, २०२० सालचा. पण तो ‘सनातन’ या त्यांच्या कादंबरीसाठी आहे. के. के. बिर्ला फाउंडेशन हा सन्मान मागच्या दहा वर्षांत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाला देतं. दोन्ही पुस्तकं काल शेजारी ठेवून पाहिली: ‘अक्करमाशी’ १९८४चं, ‘सनातन’ २०१८चं. नियमातच पहिलं बसत नाही.

‘पहिले मराठी लेखक’ हेही चूक. १९९३ साली विजय तेंडुलकर आणि २००२ साली महेश एलकुंचवार यांना हा सन्मान मिळाला आहे.

लिंबाळे म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या हन्नूरचा मुलगा, बापाचं नाव काय या प्रश्नाशी शाळेपासून झगडलेला. पुढे त्यानेच मराठी दलित साहित्य आणि अमेरिकन कृष्णवर्णीयांचं साहित्य यांच्या तुलनेवर पीएचडी केली. ‘अक्करमाशी’ कुठल्याही पुरस्काराविना मोठंच आहे. आणि मला जास्त सलतं ते हे, की या मेसेजमुळे ‘सनातन’चं नावच पुसलं जातं.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.