दुकान टाकताय? सल्ला फुकट आहे

अमळनेरात मिक्सर-पंख्यांचं दुकान टाकायचं म्हणताय? झकास! 21 वर्षं गल्ल्यावर बसलोय, थोडं ऐका.

आधी गणित विसरा. खोक्यावर एमआरपी 6,495 असते, ती मुंडावळ्यांसारखी, शोभेची. तिच्या वर विकलं तर वैधमापनवाले धरतात. खाली विकायला कायद्याची हरकत नाही. हरकत कंपनीची असते.

डीपी (आपला खरेदीभाव), एमओपी (ज्याच्या खाली विकू नका असं कंपनी सांगते तो भाव), क्रेडिट नोट (कंपनीनं मागाहून आपल्या खात्यात जमा करायची सूट) हे शब्द पाठ करा. क्रेडिट नोट कधी येणार, ते मात्र विचारू नका.

डेमो मन लावून द्या. गेल्या मंगळवारी एक ताई आल्या. काळ्या मसाल्याचं वाटण बारीक होतं का, ते त्यांना बघायचं होतं. घरून भाजलेलं खोबरं-कांदा मागवला, तासभर फिरवून दाखवलं. एमओपी 3,499, मी 3,300 म्हणालो. ताईंनी मोबाईलवरचा ऑनलाइन भाव पुढे केला, "भाऊ, आठे ते 2,999 मा शे!" माझी खरेदीच 3,150! गेल्या त्या. संध्याकाळी कंपनीच्या साहेबांचा फोन, "शेठ, एमओपीच्या खाली भाव सांगता म्हणे. पुढच्या महिन्यात माल विसरा." म्हणजे मी 200 सोडले तर बाजार बिघडतो, आणि तोच मिक्सर माझ्या खरेदीच्याही खाली घरपोच जातो तेव्हा त्याला 'सेल' म्हणायचं! 2021 मध्ये स्पर्धा आयोगानं मारुती सुझुकीला 200 कोटींचा दंड ठोठावला. डीलरनं ठरल्यापेक्षा जास्त सूट दिली की त्याला कंपनीचा दंड, वर पाळतीला खोटी गिऱ्हाइकं, असा तो मामला. कंपनी अपिलात गेली. पण ती गाडीची गोष्ट हो. मिक्सरवाल्यासाठी आयोगाच्या पायऱ्या कोण चढणार? मी? दुकान कुणाच्या भरवशावर टाकून?

उधारी द्या. मोबाईल देत नाही.

ऑनलाइनचा जळका मिक्सर आला की हसत घ्या.

नाही, हसू येत नाही आता. साहेब, भाव बांधायचाच तर सगळ्यांना बांधा, नाहीतर माझेही हात सोडा. एमओपीनं विकून सुटणाऱ्या 349 रुपयांत डेमो मी द्यायचा, उधारी मी वसूल करायची, वॉरंटीचा माल एसटीनं जळगावला मी पाठवायचा, आणि गिऱ्हाइकाच्या लेखी चोर मीच? लाज वाटू द्या जरा.

आणि ताई, मिक्सरचं भांडं फिरवणारं कपलर झिजलं की माझ्याकडेच येणार तुम्ही. या. मोबाईल तेवढा घरी ठेवून या.