ए दाबा, मग क्यू दाबा

इंदूरच्या आमच्या रामबागेतल्या घरी संगणकाचं मासिक यायचं माझ्या नावावर, पण त्याच्या पोटातली सीडी आधी आजीच्या हाती लागायची. त्या महिन्याच्या सीडीवर एक गुबगुबीत लाल प्राणी होता. शिंगं, शेपूट, हातात त्रिशूळ.

"शंकराचा गण दिसतोय," आजी म्हणाली. मग चष्मा पुसून तिनं पुन्हा निरखलं. "पण बूट घातलेत मेल्यानं. देव्हाऱ्याजवळ ठेवू नकोस."

हा बीस्टी, फ्रीबीएसडी नावाच्या संगणकप्रणालीचं बोधचित्र. विंडोजसारखीच संगणक चालवणारी ही प्रणाली. मुखपृष्ठावर छापलं होतं, 'लिनक्सचा नवा अवतार!' तीन शब्दांत दोन चुका. लिनक्स ही वेगळीच प्रणाली, फ्रीबीएसडी म्हणजे लिनक्स नव्हेच; तिचं कूळ बर्कली विद्यापीठातल्या युनिक्स या जुन्या प्रणालीचं. आणि नवी म्हणावी, तर ती १९९३ पासून नांदतेय. 'अवतार' तेवढा बरोबर होता, ते मला नंतर कळलं.

परीक्षण चार पानी. त्यातली तीन पानं ती इन्स्टॉल कशी करायची यावर. म्हणजे लग्नाचं वर्णन करायला जावं आणि मांडवाच्या दारात अत्तर लावून परत यावं! पंगतीपर्यंत कोणी पोचतच नाही. चौथ्या पानावर देखण्या निळ्या डेस्कटॉपचं चित्र. तो केडीईचा, म्हणजे प्रणालीवर वेगळा चढवायच्या एका सजावटीचा डेस्कटॉप मागच्या महिन्यात एका लिनक्सच्या परीक्षणातही झळकला होता, फक्त वॉलपेपर वेगळा. खाली पाचपैकी साडेतीन तारे आणि ठरलेलं वाक्य: 'उत्साही वाचकांनी अवश्य करून पाहावी.'

मी उत्साही वाचक. शिवाय गल्लीतल्या गणेश मंडळाचा खजिनदार. वर्गणीची यादी याच संगणकात होती आणि गणपतीला बारा दिवस उरले होते.

मासिकातल्या चौकटीत स्पष्ट लिहिलं होतं, 'ए दाबा, मग क्यू दाबा.' दाबलं. ए म्हणजे आधीचं सगळं पुसून अख्खी डिस्क वापरा, हे मात्र चौकटीत मावलं नसावं. पुढे पडद्यावर 'शेवटची संधी' असा इशारा आला. पण मासिकातल्या चित्रांत तो नव्हता, म्हणून मी तो किरकोळ धरला.

संगणक पुन्हा सुरू झाला. काळा पडदा, पांढरी अक्षरं, 'लॉगिन', आणि पुढे लुकलुकणारी एक चौकट. निळा डेस्कटॉप कुठेच नाही. तो वेगळा चढवावा लागतो. परीक्षण करणाऱ्या गृहस्थानं हा प्रयोग विंडोजच्याच पोटात, एका खिडकीतल्या नकली संगणकावर केला असणार. बिघडलं की खिडकी मिटायची आणि पोहे खायला मोकळं! बाबांनी मागून येऊन मॉनिटरची केबल दोनदा हलवून पाहिली.

"यादी कुठंय?"

"बाबा, ही फार स्थिर प्रणाली आहे."

"तू जरा स्थिर हो आणि यादी दाखव."

या आडवाटेच्या प्रणालींचं नशीबच असं. रिअ‍ॅक्टओएसवर लेख आला की मथळा 'विंडोजला फुकट पर्याय', आणि ती अजून अल्फा, म्हणजे कच्च्या अवस्थेत आहे हे आत कुठेतरी बारीक टाइपात. हायकू या आणखी एका प्रणालीचं काम २००१ साली सुरू झालं, पहिली बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, आली २०१८ साली. सतरा वर्षं गप्प बसून काम करणाऱ्यांबद्दल लिहायला कोणाकडे पान नसतं, पण तिच्या आयकॉनचा फोटो मात्र अर्धं पान खातो.

यादी गेली ती गेलीच. मी वही घेऊन पुन्हा घरोघरी फिरलो. पाचशे एक देतो म्हणणारे स्मरणशक्तीला ताण देऊन एकावन्नावर आले. कोपऱ्यावरचे किराणावाले म्हणाले, "भिया, हमने तो पिछले हफ्ते ही दे दिए थे." पावतीपुस्तकात त्यांचं नाव नव्हतं. पण त्यांच्याशी वाद घालायला माझ्याकडे पुरावा काय? तो लाल, बूट घातलेला गण.

पुढचा अंक आला. या वेळी नेटबीएसडी. लिहिलं होतं, ही प्रणाली टोस्टरवरसुद्धा चालवून दाखवली आहे. हे खरंच आहे, २००५ साली एका कंपनीनं तसा टोस्टर केला होता. मी आनंदानं ते वाक्य मोठ्यानं वाचलं.

आईनं टोस्टर उचलला आणि माळ्यावर ठेवून दिला.