बाहेर ९५, आत ४५

पावसाळ्यात आंबोलीला फोटो काढायला जाणं म्हणजे पावसाचे फोटो काढायला जायचं आणि कॅमेऱ्याला पाऊस लागू द्यायचा नाही. वर्षाला सात मीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावात ही अट कोण पाळणार? तरी आम्ही जातोच, कारण बेडूक. उन्हाळ्यात मेला दिसत नाही. २००९ साली ज्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली तो आंबोली टोड काय, किंवा पाण्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचं घरटं बांधणारा मलबारचा उडता बेडूक काय, यांचा सगळा संसार पावसात आणि तोही रात्री. मग आपण चिखलात पालथे, डोक्यावर हेडटॉर्च, मानेवर जळू, आणि एकुलती एक छत्री कॅमेऱ्यावर.

कॅमेऱ्याला हॉटेलातली शॉवर कॅप अगदी बेतून शिवल्यासारखी बसते. खास रेनकव्हर मिळतात, पण ते चढवेपर्यंत बेडूक निघून जातो.

खरं तर पाऊस बरा, तो दिसतो तरी. हवेतली ओल दिसत नाही. वेंगुर्ल्याला गाडीतून उतरताना आमच्या पुणेकर मित्राला हे पटेना. वाटभर त्यानं एसी अठरावर ठेवलेला. समोरच्या ताडावर धनेश पक्षी बसलेला पाहून तो कॅमेरा घेऊन उतरला आणि काच पांढरीफटक. शर्टानं पुसली, पुन्हा पांढरी. हवा २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असली की साधारण २५ अंशांपेक्षा थंड असलेल्या प्रत्येक वस्तूला घाम फुटतो, त्यात शर्टाचा काही इलाज नाही. उपाय आहे, पण तो आधी करायचा असतो: गाडीतच कॅमेरा झिपच्या पिशवीत घालून हवा काढून टाकायची, बाहेर आणायचा आणि तो बाहेरच्या हवेइतका कोमट होईपर्यंत पिशवी उघडायची नाही. म्हणजे अर्धा तास सहज. घाम पिशवीला बाहेरून फुटतो, कॅमेरा वाचतो. धनेश थांबत नाही.

सल्ले मात्र भरपूर थांबलेले असतात. पहिला, तांदळात ठेव. जुलैतला तांदूळ स्वतःच हवेतली ओल पिऊन बसलेला असतो, तो दुसऱ्याची काय पिणार! वर त्याचं पीठ लेन्सच्या रिंगेत शिरतं. दुसरा सल्ला चपलांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्यांचा. घराघरांत त्या श्रद्धेनं जपलेल्या असतात, पण उघड्यावर पडलेली पुडी कधीच तुडुंब झालेली असते. रंग बदलणारे दाणे घ्यावेत. निळे गुलाबी होतात, नारिंगी हिरवट होतात, म्हणजे पोट भरलं. मग मंद आचेवर भाजले की पुन्हा उपाशी. निळ्यांत कोबाल्टचं क्षार असतं, त्यामुळे ते खाण्याच्या भांड्यापासून लांब ठेवावेत.

आम्ही उतरलो होतो तिथल्या काकूंनी यासाठी एक फुटका तवा दिला. मी दाणे परतत होतो, त्या शेजारी मासे तळत होत्या.

"शेंगदाणे आसत काय?"

"नाही काकू, कॅमेऱ्याचे आहेत."

काकूंनी मासा उलटला. "कॅमेरोच चुलीकडे ठेव मरे. बघ कसो सुकतलो!"

धूर, काजळी आणि तेलाचे शिंतोडे वगळता सल्ला तत्त्वतः चुकीचा नव्हता. कोकणात मीठ, काडेपेटी, सोडे सगळं चुलीच्या आसऱ्याला असतं.

घरी आल्यावर मात्र खरी भीती सुरू होते, ती बुरशीची. एवढी जपलेली वस्तू आपण मऊ चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात ठेवतो. अंधार, कोंदट हवा आणि चामडं: बुरशीला यापेक्षा वेगळं काही नको असतं. मग काचेच्या आत कोळिष्टकासारखे धागे पसरतात, आणि वेळेवर काढले नाहीत तर काचेवरचा लेप कायमचा खातात. दुरुस्तीवाले लेन्स उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून, फक्त एवढंच विचारतात, "वापरत नाही वाटतं?" फोटो काढत राहा, काचेला उजेड आणि वारा लागू दे, हे त्यांचं औषध. म्हणजे बाहेर काढावी तर पाऊस आणि आत ठेवावी तर बुरशी!

शेवटी विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट, घेतलं. काचेचं दार, आत दिवा, दारावर आतल्या आर्द्रतेचा आकडा: ४५. बाहेर ९५ असलं तरी आत ४५. लेन्सच्या वरच्या कप्प्यात जागा आहे हे घरात पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं. आधी आईनं पोह्याच्या पापडांचा डबा ठेवला, "दोनच दिवस". मग मेतकूट आलं, मग बिस्किटं. हिंगाला मी कडाडून विरोध केला, कारण पुढच्या वेळी आंबोलीत बेडकांना माझा वास आधी आला असता. तह झाला, हिंग बाहेर राहिला.

काल ऑफिसात आईचा फोन. "अरे, तुझी ती लांबडी लेन्स आडवी ठेवली तर चालेल ना? कुरडयांचा डबा बसत नाहीये."